तारीख कोणाची, नाटक कोणाचे?

न्यायालयाच्या आवारात ज्यांचे दिवस जातात, त्यांस एक गोष्ट फार लवकर उमगते. दाव्यात सत्य कोणाच्या बाजूस आहे ह्याचा निवाडा पुढे कधीतरी होतो. परंतु तारीख नेमण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्या सोयीने पक्षकार, साक्षीदार आणि वकील ह्या सर्वांना उठावे-बसावे लागते, हे मात्र पहिल्याच दिवशी कळून चुकते. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी नाट्यमंडळांविषयी आमची जी तक्रार आहे, ती ह्याच जातीची आहे. ही मंडळे आपले वर्ष स्वतः आखीत नाहीत. ते त्यांच्यासाठी स्पर्धांचे संयोजक आखतात, सभागृहांचे व्यवस्थापक आखतात, परीक्षा विभाग आखतो. आणि मध्ये ज्या फटी उरतात त्यांत मुले नाटक बसवितात. ज्याला स्वतःच्या तारखा नाहीत त्याला स्वतःचे नाटकही नाही, हे आमचे प्रतिपादन आहे. आणि ते शक्य तितक्या स्पष्टपणे मांडण्याचा आमचा विचार आहे.

गोव्यातील एखाद्या सर्वसाधारण महाविद्यालयाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. जूनमध्ये प्रवेश होतात. जुलैत केव्हातरी फलकावर सूचना लागते की, अमुक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्रवेशिका अमुक दिवसापर्यंत द्यावयाची आहे. मग धावपळ सुरू होते. एखादा माजी विद्यार्थी दिग्दर्शक म्हणून पाचारण केला जातो. संहिता निवडताना ती मुलांना काय शिकवील हे पाहिले जात नाही; परीक्षकांपुढे ती ‘चालते’ की नाही, एवढेच पाहिले जाते. चाळीस दिवस तालमी होतात, त्यांतील शेवटच्या दहा तर रात्री उशिरापर्यंत. एका संध्याकाळी पडदा वर जातो, पाऊण तासाने खाली येतो, आणि त्या नाटकाचे इहलोकीचे कार्य संपते. बक्षीस मिळाले तर करंडक प्राचार्यांच्या खोलीतील काचेच्या कपाटात जातो. न मिळाले तर परीक्षकांच्या नावाने चहाच्या टपरीवर बोटे मोडली जातात. नेपथ्याच्या चौकटी जिन्याखाली टाकल्या जातात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना वाळवी लागते.

ह्यातील हिशेब कोणी मांडला आहे काय? रंगमंचावरची आणि पडद्यामागची मिळून बारा मुले धरा. रोजचे तीन तास आणि चाळीस दिवस धरा. एक हजार चारशे चाळीस तासांचे तरुण श्रम झाले, आणि त्यांचे फळ म्हणजे पाऊण तासाचा एक प्रयोग. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, एवढी मशागत करून एकच कणीस काढणाऱ्यास तो काय म्हणेल. तेच नाटक पाच ठिकाणी झाले, तर ह्या श्रमाचा भार प्रत्येक प्रयोगामागे दोनशे अठ्ठ्याऐंशी तासांवर येतो. पण हिशेबापेक्षाही मोठा तोटा निराळाच आहे. नट पहिल्या प्रयोगात घाबरलेला असतो, दुसऱ्यात सावरतो, तिसऱ्यात त्याला प्रथमच प्रेक्षकांचा श्वास ऐकू येऊ लागतो. आपली मुले पहिल्या पायरीवरच थांबविली जातात, आणि मग ‘नवी पिढी उथळ झाली’ म्हणून त्यांनाच दोष दिला जातो.

करंडा हा मुळात कुंकवाचा. कुंकू लावावयाचे ते कपाळावर. नाटकाचे कपाळ म्हणजे प्रेक्षक. ते कपाळच नसेल तर करंडा कितीही चांदीचा असला तरी त्याचे करावयाचे काय?

ही रीत काही आपल्या परंपरेतून आलेली नाही. १८४२ साली कर्नाटकातून भागवत खेळ करणारी एक मंडळी सांगलीस आली. ती गावोगाव फिरत होती म्हणूनच सांगलीपर्यंत पोहोचली, आणि तिचे खेळ पाहूनच १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. म्हणजे मराठी नाटकाच्या उगमापाशीच एक फिरते वेळापत्रक आहे. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी, जे आमच्या बेळगावकर वाचकांच्या गुर्लहोसूरचे, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचे पहिले चारच अंक तयार होते. उरलेले अंक मागाहून आले. प्रेक्षक होते, पुढचे प्रयोग व्हावयाचे होते, म्हणून नाटक पुरे होऊ शकले. आजच्या एखाद्या स्पर्धेत ती प्रवेशिका गेली असती, तर ‘अपूर्ण संहिता’ ह्या शेऱ्यासह ती बाद झाली असती आणि मराठी संगीत रंगभूमी नियमावलीच्या एका पोटकलमाखाली गाडली गेली असती.

त्यानंतरच्या नाटक कंपन्यांचे मुक्काम आठवावेत. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी काढली. अशा मंडळ्या एखाद्या शहरी उतरत, आज एक नाटक तर उद्या दुसरे, असे प्रयोग करीत आणि मग पुढच्या गावी जात. एकाच वेळी अनेक नाटके तयार ठेवणे हा त्यांचा धर्म होता. आणि हे केवळ धंदेवाईकांचे नव्हे. गोव्यातील देवस्थानांच्या उत्सवांत गावची हौशी मंडळी आजही नाटके करतात. मंगेशीची जत्रा माघी पौर्णिमेची, म्हापशाच्या बोडगेश्वराची पौषी पौर्णिमेची, शिरगावच्या लईराईची वैशाख शुद्ध पंचमीची, हे ज्याला पाठ असते त्याला तालीम केव्हा सुरू करावयाची हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या तियात्राकडे पाहा. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकाझिन रिबेरो ह्यांच्या ‘इटालियन भुरगो’ने ज्याची सुरुवात झाली, ते तियात्र आजही फेस्ताच्या दिवसांनुसार गावोगाव फिरते, आणि लोकांना आवडलेले तियात्र शंभर प्रयोगांचाही पल्ला गाठते. एकाच गोव्यात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना हे घडते. एका बाजूस शाळेचे तोंडही पुरते न पाहिलेला नट एकच भूमिका शंभर वेळा करून ती घासून-पुसून लख्ख करतो, आणि दुसऱ्या बाजूस पदवीचा विद्यार्थी ती एकदाच करून विसरतो. ह्या दोघांत नाट्यशिक्षण कोणाचे चालले आहे?

स्पर्धांना आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. १९५४ साली महाराष्ट्रातील राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. त्याच साली दिल्लीस पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. १९६३ पासून पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक ह्या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालू आहे. ह्या उपक्रमांनी मराठी रंगभूमीला नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा आक्षेप स्पर्धेवर नसून स्पर्धेला वर्षाची मालकीण करण्यावर आहे. पाहुणी म्हणून ती यावी, तिचे स्वागत व्हावे. पण घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला का लटकाव्यात?

२०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा बराच वाद झाला. परीक्षकांनी योग्य केले की अयोग्य, ह्यात आम्हांस येथे शिरावयाचे नाही; तसा निर्णय देण्याचा अधिकार परीक्षकांना असतो. आम्हांस खटकते ते एवढेच की, ज्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धेचा प्रयोग हाच पहिला आणि शेवटचा, त्यांना त्या निकालावर अपील नसते. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकुमावर जिल्हा न्यायालय असते, त्याच्यावर उच्च न्यायालय असते. नाटकाचे वरिष्ठ न्यायालय म्हणजे पुढचा प्रयोग आणि पुढच्या गावचा प्रेक्षक. ज्याच्या वेळापत्रकात पुढचा प्रयोगच नाही, त्याने स्वतःच्याच हाताने आपला अपिलाचा हक्क सोडलेला असतो. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला आणि थोड्याच प्रयोगांनंतर त्या वेळच्या संस्थेने ते नाटक थांबविले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रंगमंचावरून आलेले जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि त्यांचे सहकारी तेथेच थांबले असते, तर ते नाटक एक आठवण होऊन राहिले असते. त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही संस्था काढली, नाटक पुन्हा उभे केले, आणि १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर नेले. त्या मंडळींनी पुढच्या तारखा स्वतःच्या हाताने लिहिल्या, म्हणूनच तो इतिहास घडला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. एकतर्फी निकाल आम्हांसही मान्य नाही.

पहिला मुद्दा असा मांडला जातो की, स्पर्धा नसेल तर मुले तालमीला येत नाहीत. हे खरे असते, तर गावच्या देवळापुढे दरवर्षी नाटक करणारे शिक्षक, दुकानदार, बसचालक आणि पंचायतीतील कारकून दिवसाचे काम आटोपून रात्री तालमीला कशासाठी बसतात? त्यांना कोणता करंडक मिळतो? त्यांची तारीख ठरलेली असते, ती गावाला ठाऊक असते, आणि त्या दिवशी तोंड लपविण्यास जागा नसते. मुलांना बक्षिसाचे आमिष हवे असते असे म्हणणे हा मुलांचा अपमान आहे. त्यांना आपली वाट पाहणारे कोणीतरी हवे असते.

दुसरा मुद्दा वेळेचा. सत्र पद्धतीमुळे उसंतच उरली नाही, अशी ओरड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांत एक सत्र पंधरा ते अठरा आठवड्यांचे, म्हणजे अध्यापनाच्या सुमारे नव्वद दिवसांचे धरले आहे. दोन सत्रांचे जास्तीत जास्त छत्तीस आठवडे झाले. वर्षाचे बावन्न. उरलेल्या सोळांतून परीक्षा आणि त्यांची तयारी वजा केली, तरी काही आठवडे हाती राहतातच. शिवाय अध्यापनाच्या आठवड्यांतही रविवार असतात. वेळ थोडा आहे हे आम्हांस मान्य. परंतु पैसा थोडा असणाऱ्या गृहिणीनेच हिशेबाची वही अधिक नेटाने ठेवावयाची असते. वेळ थोडा आहे, हा वेळापत्रकाच्या बाजूचा पुरावा झाला; तो त्याच्याविरुद्ध कसा वापरता येईल?

तिसरा मुद्दा पैशाचा आणि सभागृहाचा. येथेही दोष आखणीचाच आहे. नाटक मोठ्या रंगमंचाच्या मापाने बेतावयाचे आणि मग तो रंगमंच मिळत नाही म्हणून रडावयाचे, ही कोणती रीत? कांपालचे कला अकादमीचे संकुल २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले, ते नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडले. एवढ्या काळात पदवीच्या विद्यार्थ्याचे बहुतेक शिक्षण उरकते. ज्याचे नाटक त्या एकाच रंगमंचासाठी कापलेले असेल, त्याने ती वर्षे काय करावे? म्हणून हंगामाचे पहिले कलम असे असावे की, सारे नेपथ्य एका टेंपोत मावले पाहिजे आणि शाळेच्या पटांगणात, देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात अर्ध्या तासात उभे राहिले पाहिजे. असे नाटक न्यावयास फार पैसा लागत नाही. गावची एखादी संस्था जागा देते, विजेची सोय करते आणि प्रयोगानंतर पेजेला नाही म्हणत नाही.

चौथा मुद्दा जबाबदारीचा, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. मुलींना रात्री बाहेर ठेवावयाचे कसे, असे प्राचार्य विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे; मात्र तो त्यांनी स्पर्धेच्या आदल्या दहा रात्रींनाही विचारावा. सत्तरी, सांगे, काणकोण ह्या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारून पाहा. काळोख पडल्यावर अंतर्भागातील गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या विरळ होत जातात. तालीम संध्याकाळी सहाला सुरू होऊन दहाला संपणार असेल, तर त्या मुली पहिल्या आठवड्यातच गळतात आणि शहरात राहणारी, स्वतःची दुचाकी असलेली मुले उरतात. म्हणजे पात्रनिवड दिग्दर्शक करीत नाही, शेवटची बस करते. ज्या गावांत नाटक अजून जिवंत आहे, त्याच गावांतील मुले महाविद्यालयाच्या नाटकातून सर्वांत आधी बाहेर फेकली जातात, ह्याहून विपरीत ते काय? हे कोणाच्या दुष्टपणामुळे घडत नाही. तालमीची वेळ कोणी विचारपूर्वक ठरविलेलीच नसते, म्हणून घडते. तीन महिने आधी आखलेल्या हंगामात दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ, आठवड्यातून तीनदा, सहज बसते. घाईने आखलेल्या चाळीस दिवसांत मात्र ती बसत नाही.

प्रयोग रात्रीच व्हावा, हेही काही वेदवाक्य नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. ते पंधरा दिवस मोठ्या उत्सवांच्या वाट्याला जाऊ देत. विद्यार्थ्यांनी रविवारी सहाला पडदा वर न्यावा आणि नऊपर्यंत सर्वांनी घरी पोहोचावे. वृद्ध प्रेक्षकही ह्या वेळेला दुवा देतील.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकू, कारण तिच्या अज्ञानाने चांगली नाटके ऐन वेळी अडतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षणसंस्थांना सवलत दिली आहे. संस्थेच्या उपक्रमात तिच्याच विद्यार्थ्यांनी वा कर्मचाऱ्यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक हे संस्थेतील लोक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील तर, हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने पैसे न घेणाऱ्या प्रेक्षकवर्गापुढे नव्हे, तर पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग, ह्यांनाही सवलत आहे. परंतु तिकीट लावून जाहीर प्रयोग करावयाचा म्हटला की लेखकाची परवानगी हवी. शिवाय संहितेची मोडतोड होऊन आपल्या लौकिकास बाध येत असेल, तर कलम ५७ लेखकाचे रक्षण करते. युवक महोत्सवात तीस मिनिटांची मर्यादा आहे म्हणून पाऊण तासाच्या एकांकिकेला कात्री लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सवलत असो वा नसो, लेखकाला पत्र लिहिणे हा सभ्यतेचा भाग आहे. ते पत्र जूनमध्ये गेले तर उत्तर वेळेवर येते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गेले तर ते पत्र राहत नाही, दयेचा अर्ज होतो.

केवळ दोष दाखवून स्वस्थ बसणे वकिलाला शोभत नाही. दाव्यात मागणी लिहावी लागते. आमची मागणी अशी आहे. नाट्यमंडळाने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, स्पर्धांची पत्रके येण्याआधी, संपूर्ण वर्षाचा तक्ता करावा. तो विद्यार्थ्यांनी करावा, शिक्षकांनी तपासावा आणि प्राचार्यांनी त्यावर सही करावी. वर्षाला दोनच नाटके घ्यावीत, शक्य तर एक मराठी आणि एक कोकणी. स्पर्धांच्या नियमावल्यांनी ह्या दोन भाषांना वेगवेगळ्या खोल्यांत बसविले आहे. पण मुलांच्या जिभेवर त्या एकाच घरात नांदतात, आणि एकाच मंडळाने दोन्हींत काम केल्यास दोन्हींचे भलेच होईल. प्रत्येक नाटकाचे किमान पाच प्रयोग धरावेत आणि प्रत्येक भूमिकेला एक बदली नट तयार ठेवावा.

जून हा वाचनाचा महिना. आठवड्याला एक नाटक मोठ्याने वाचावे, निवड करावी, लेखकास पत्र लिहावे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबरात कोसळतो. म्हणून जुलै-ऑगस्टात छपराखालच्या तालमी घ्याव्यात आणि ऑगस्टच्या मध्यास महाविद्यालयाच्याच सभागृहात पालकांपुढे पहिला प्रयोग करावा. चवथीला प्रत्येकजण घरी जाणारच. त्या दिवसांत तालीम ठेवून भांडण ओढवून घेण्यापेक्षा दहा दिवसांची सुट्टी तक्त्यातच लिहावी. ऑक्टोबर परीक्षेचा, तेव्हा नाटकाचे नावही काढू नये. दिवाळीनंतर दोन-तीन तालमींत नाटक पुन्हा जागे करावे आणि कार्तिकापासून माघापर्यंत, जत्रांच्या आणि फेस्तांच्या दिवसांत, एकाआड एक रविवारी ते गावोगाव न्यावे. दुसरे नाटक डिसेंबरच्या आरंभी उभे राहावे, नाताळात विसावा घ्यावा आणि जानेवारीत पहिल्याच्या जोडीने फिरावे. फेब्रुवारीनंतर कार्निव्हल, शिगमो आणि परीक्षा ह्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. तेव्हा मार्चमध्ये हिशेब, काटछाट केलेली संहिता, नेपथ्याचा आराखडा आणि कोणत्या गावी लोक कोठे हसले ह्याची टिपणे पुढच्या वर्षाच्या मुलांच्या हाती सोपवावीत. पाऊस, ताप आणि घरची लग्ने ह्यांसाठी दोन रविवार तहकुबीचे म्हणून मोकळे राखावेत. तहकुबी आधीच धरून ठेवलेली असली म्हणजे ती कोणाला बुडवीत नाही.

आणि स्पर्धा? ती ह्या तक्त्यात जेथे बसेल तेथे बसावी. तयार असलेले नाटक घेऊन अवश्य जावे. तो तिसरा किंवा चौथा प्रयोग असावा, पहिला नव्हे. अशा मंडळाला बक्षीस मिळण्याचा संभव उलट वाढेल, हे आम्ही जाता जाता सांगतो, कारण काही प्राचार्यांना तेवढाच युक्तिवाद पटतो.

हा प्रश्न गोव्यापुरता नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना ह्याची झळ आमच्याहून अधिक लागते. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक संस्था तेथे अधूनमधून येतात, मोठ्या सभागृहात एक प्रयोग करतात आणि जातात. त्यांच्या वेळापत्रकात तुमचे शहर हा एक मुक्काम असतो, गाव नसते. १८८६ पासून संगीतशाळा चालविणाऱ्या बडोद्यात, किंवा गोविंद बल्लाळ देवलांनी ज्या गावी शिक्षकाचे काम केले त्या बेळगावात, वर्षभर तेथेच राहणारे, तेथील बोली बोलणारे तरुण नटांचे घोळके आज महाविद्यालयांखेरीज फारसे कोठे आढळतात? त्यांचे सारे वर्ष दूरच्या शहरातील दोन-तीन परीक्षकांपुढील एका संध्याकाळीत खर्ची पडले, तर त्यांच्या स्वतःच्या गल्लीतील आजीने नातवाचे नाटक पाहावयाचे केव्हा? भाषा टिकविण्यासाठी आपण सभा भरवितो, ठराव करतो, निवेदने देतो. हे सर्व करावेच. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला आणि कोकणीला ठरावापेक्षा प्रेक्षक अधिक काळ जगवितात, आणि प्रेक्षक हा सवयीचा प्राणी आहे. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सहा वाजता शाळेच्या पटांगणात मुले नाटक करतात, एवढे एकदा गावाच्या अंगवळणी पडले की खुर्च्या आपोआप मांडल्या जातात. ती सवय मोडून पंचवीस वर्षे झाली की मग कितीही अनुदान आणले तरी ती पुन्हा लागत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना उद्देशून दोन शब्द. तुमच्यासाठी तारखा ठरविणारे लोक तुमचे शत्रू नाहीत. तुम्ही ठरविल्या नाहीत म्हणून त्यांनी ठरविल्या. मोकळ्या जागेत कोणीतरी कुंपण घालतेच, आणि बारा वर्षे कोणी हरकत घेतली नाही तर पुढे ती जागा आपली होती हे सिद्ध करताना आमच्यासारख्यांची दमछाक होते. तेव्हा येत्या जूनमध्ये एक मोठा कागद घ्या, त्यावर बारा महिने आखा, आधी परीक्षा लिहा, मग चवथ, दिवाळी, नाताळ आणि शिगमो लिहा, मग शेवटच्या बसची वेळ लिहा. एवढे लिहून जे रविवार उरतील, ते तुमचे आहेत. त्यांवर गावांची नावे घाला आणि तो कागद तालमीच्या खोलीत दाराजवळ लावा. स्पर्धेचे पत्रक आले की त्यात जागा आहे का ते पाहा. नसेल तर संयोजकांना नम्रपणे कळवा की, त्या दिवशी आमचा प्रयोग आहे.